नळीशिवाय निचरा

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि आठवड्यातली सातवी चिप नुकतीच बाद झाली होती. धाकटीने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, पाठ ताठ केली आणि त्या टपाल-तिकिटाएवढ्या काचेच्या तुकड्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने मुद्दाम दावा साधला होता. चार दिवस जपलेली, वेळेवर खाऊपिऊ घातलेली, ऊबदार कपाटात ठेवलेली चिप. आणि आत नळी अशी मिटून बसली होती, की उघडायचं नाव नाही.

तेवढ्यात फोन वाजला. ताईच.

"झाली का गं तुझी नळी?"

"नाही."

"कालही नाहीच म्हणालीस."

"कालही नव्हतीच झाली, ताई."

"मग दिवसभर करता काय तुम्ही लोक तिथे?"

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. हातात रबरी मोजा होता, म्हणजे आता तोही बदलणं आलं.

घरातली ती लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. चाळिशी उलटली, कानामागचे केस पिकले, डॉक्टरेट झाली, तरी नावात काही बढती मिळाली नव्हती. ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. बावीस वर्षं शहराच्या बस चालवणारी. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, त्याबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या. कॅन्सर गेला, तो गेलाच. पण जाताना डाव्या हाताची वाट लावून गेला.

म्हणजे झालं असं, की रक्तवाहिन्यांतून अंगात सतत थोडंथोडं पाणी झिरपत असतं. ते गोळा करून परत रक्तात नेऊन सोडायला आणखी एक बारीक नळ्यांचं जाळं असतं, लसिकावाहिन्यांचं. त्यांचा रस्ता काखेतल्या गाठींमधून जातो. तिथल्या गाठी काढल्या की रस्ता तुटतो आणि पाणी हातातच तुंबून राहतं. ताईचा डावा हात उजव्याच्या दीडपट झाला होता. डेपोच्या डॉक्टरांनी तिला स्टिअरिंगवरून उठवून टेबलाशी बसवलं, कुठली गाडी कुठल्या मार्गावर जाणार याचे कागद वाटायला. ज्या बाईने बावीस वर्षं अख्ख्या रस्त्याला हॉर्नने धाकात ठेवलं, तिने आता "सही करा, सही करा" म्हणत बसायचं. तिचा तिळपापड होई.

धाकटी या नळ्यांवर ताईच्या आजारपणाच्या आधीपासून काम करत होती. पण तेव्हा तो अभ्यासाचा विषय होता. आता ती उठल्याबसल्या फोनवर येणारी तक्रार होती.

काम सांगायला सोपं होतं. चिपमध्ये मऊ जेल ओतायचं, त्यातून आधीच आरपार घातलेली केसाएवढी सुई अलगद ओढून काढायची. सुईच्या जागी बोगदा राहतो. त्या बोगद्याच्या भिंतीला माणसाच्या लसिकावाहिनीतल्या पेशींचं अस्तर द्यायचं. ते अस्तर धरलं, की जेलमध्ये एका कडेने चमकणारा रंग सोडायचा आणि नळी तो किती वेळात आत ओढून पलीकडच्या वाटीत पोचवते हे पाहायचं. खऱ्या हातात जे बघता येत नाही, ते इथे डोळ्यांसमोर घडणार. मग औषधं घालून बघा, नळी बिघडवून बघा, दुरुस्त करून बघा. कागदावर तर फारच झकास होतं सगळं. प्रत्यक्षात कधी पेशी मरत, कधी बोगदा बसे, कधी सुई काढताना जेलच तिच्याबरोबर बाहेर येई. आठ महिने धाकटीच्या नाकी नऊ आले होते.

त्यातच सरांनी जेल ओतायचा नवा साचा आणवला.

सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस हुशार, मनाने वाईट नाही, पण घाईचा. जिना चढतानाही दोन-दोन पायऱ्या चढणारा. नव्या साच्याच्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत होत्या. "आता जेल कुठे ओरखडणार नाही, फाटणार नाही," सर म्हणाले. "बघाच तुम्ही."

आणि खरंच की. नव्या साच्यातल्या पहिल्या चिपमध्ये धाकटीने रंग सोडला, आणि वीस मिनिटांत तो पलीकडच्या वाटीत हजर. दुसऱ्या चिपमध्ये तेच. तिसऱ्यात तेच. आलेख तर असे, की पुस्तकात छापावेत. सर दोन पायऱ्यांऐवजी तीन चढून आले. मोठी परिषद चार आठवड्यांवर होती. त्यांनी त्याच दिवशी आलेखाचं चित्र दहा जणांना पाठवून दिलं.

सूक्ष्मदर्शकांच्या खोलीत भिंगकाका असत. जाड चष्म्यामुळे आणि दिवसभर भिंगाला डोळा लावून बसण्यामुळे त्यांना ते नाव पडलं होतं. तीस वर्षं तिथलं एकेक यंत्र त्यांनी मुलासारखं सांभाळलं होतं. ते चौथ्या चिपच्या वेळी म्हणाले, "मॅडम, कडेला काहीतरी चमकतंय बघा. भिंतीजवळ."

"काचेचं प्रतिबिंब असेल, काका."

"असेल," भिंगकाका म्हणाले. "पण प्रतिबिंब असं पुढे सरकतं का?"

"काका, आठ महिन्यांनी एक गोष्ट सरळ झालीय. आज नका ना."

भिंगकाका आपल्या यंत्राकडे वळले. त्यांची पद्धतच तशी, एकदा सांगायचं.

नियम म्हणून आणखी एक गोष्ट करायची राहिली होती. ज्या चिपमध्ये नळीच नाही, नुसतं जेल आहे, अशी एक कोरी चिप लावून बघायची. तिच्यातून रंग पलीकडे जाता कामा नये. जुन्या साच्यावर पहिल्याच महिन्यात त्या सगळ्या चाचण्या झाल्या होत्या. साचा बदलल्यावर पुन्हा करायला हव्या होत्या. पण इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे त्या ऊबदार कपाटात, जागा कमी, परिषद तोंडावर. "कोऱ्या चिपने चार दिवस जागा कशाला अडवायची?" असं धाकटीच म्हणाली होती. सरांनी नव्हे, तिनेच. पुढे हे तिला फार दिवस टोचत राहिलं.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला, तेव्हा धाकटीने पहिल्यांदा "हो" म्हटलं.

"झाली?"

"झाली. चालतेय. मस्त चालतेय."

"म्हणजे आता औषध?"

"अगं, औषधाला वेळ आहे. पण सुरुवात झाली."

ताईने यातलं दुसरं वाक्य ऐकलं आणि पहिलं सोयीस्करपणे सोडून दिलं.

ताईच्या हाताला डॉक्टरांनी दाबाची घट्ट बाही दिली होती, मनगटापासून खांद्यापर्यंत. सकाळी उठल्याबरोबर चढवायची, रात्री झोपताना काढायची. तिच्यामुळे पाणी ताब्यात राही. ताई तिला 'अजगर' म्हणे. चढवायला पंधरा मिनिटं आणि दोन माणसं लागत. डेपोतले येता-जाता विचारत, "हात भाजला का?" ताईने एकाला उत्तर दिलं होतं, "हो, तुझ्यासारख्याच्या कानाखाली वाजवली, तेव्हा."

पंधरा दिवसांनी तिची डेपोची तपासणी होती. पास झाली तर पुन्हा गाडी. त्यात बाही घालून गेलं तर डॉक्टर म्हणणार, हात अजून आजारी आहे. तेव्हा बाही न घालताच हात बरा आहे हे दाखवायला हवं, असा हिशेब ताईने मनाशी केला. आणि आता तर धाकटीची नळीही झाली होती. ताईने अजगर कपाटात टाकला आणि कोणालाच सांगितलं नाही. भावोजींनी एकदा विचारलं, तेव्हा "धुवायला टाकलीय" म्हणाली. भावोजी फार बोलणारे नव्हते. पुन्हा विचारलं नाही.

नवव्या दिवशी डेपोतल्या कपाटाच्या पत्र्याने तिच्या बोटाला कापलं. एवढंसं. दुसऱ्या कोणाच्या बोटाला झालं असतं तर चोखून विसरलं असतं. ताईच्या हातात पाणी तुंबलेलं, त्यात जंतूंना मोकळं रान. दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजींचा धाकटीला फोन आला. ते एरवी कधी फोन करत नसत.

"हात लाल झालाय खांद्यापर्यंत. ताप चढलाय. ती बडबडतेय. आम्ही इस्पितळात आहोत."

धाकटी पोचली तेव्हा ताईला सलाईन लावलं होतं. हात उशीवर ठेवलेला, कातडी ताणून चकाकणारी, पेनाने तिच्यावर लालीची हद्द आखलेली. ताई ग्लानीत होती. नर्स पट्टी बदलत विचारत होती, "बाही किती दिवस नाही घातली?"

"दहा दिवस," ताई डोळे न उघडताच म्हणाली. "गरज नाही आता. माझी बहीण नळी बनवते. झाली तयार. तिनंच सांगितलं."

नर्सने धाकटीकडे वर-खाली पाहिलं. "तुम्ही सांगितलंत बाही काढायला?"

"नाही!" धाकटी म्हणाली. "म्हणजे... बाही काढ असं नाही म्हटलं मी."

"मग काय म्हटलंत?"

काय म्हटलं होतं? चालतेय. मस्त चालतेय. धाकटीला ताईचा राग आला, की हिने एवढं डोकं का चालवावं. भावोजींचा आला, की हे काही बघतच नाहीत. डेपोच्या त्या कपाटाचाही आला. फिरून फिरून तो राग तिच्यापाशीच येऊन थांबे, तेव्हा ती उठून खिडकीशी जाऊन उभी राही. खाली गाड्या लावायच्या जागेत दोन माणसं एका जागेवरून भांडत होती. तिला त्यांच्यात जाऊन दोघांनाही ओरडावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. लाली पेनाच्या रेघेच्या आत आली. तेव्हा कुठे धाकटी कामावर परतली, पण डोक्यातलं काही जाईना. चालतेय, चालतेय. खरंच चालतेय का? नर्सच्या त्या नजरेनंतर तिला भिंगकाकांचं बोलणं आठवत होतं. तिने कोणाला न सांगता तीन कोऱ्या चिप ओतल्या. सुई नाही, बोगदा नाही, पेशी नाहीत. चार दिवस इन्क्युबेटरमध्ये त्या अडवून ठेवल्या, आणि पाचव्या दिवशी रंग सोडला.

वीस मिनिटांत रंग पलीकडच्या वाटीत हजर.

धाकटी बघतच राहिली. दुसरी चिप. हजर. तिसरी. हजर. आलेख तर असा, की आधीच्यांना शोभावा. नळीच नाही, आणि निचरा झकास!

तिने भिंगकाकांना हाक मारली. ते आले, चष्मा कपाळावर सरकवून भिंगात वाकले आणि एकेक चिप पुन्हा बघत गेले.

"जेल भिंतीपासून सुटलंय," शेवटी म्हणाले. "साचा गुळगुळीत. त्याला धरायला काही राहिलंच नाही. रंग कडेकडेने निघून जातोय."

"नळीतून नाही."

"नळीला कोण विचारतंय, मॅडम? बाजूला हमरस्ता असताना."

धाकटीला एकदम हसू आलं, आणि मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. भिंगकाकांनी तिच्यासमोर कागदी रुमालांचा डबा ठेवला. "तुम्ही सांगितलं होतंत," ती म्हणाली. "हो," ते म्हणाले, आणि एवढ्यावरच थांबले, याबद्दल ती त्यांची कायमची ऋणी राहिली.

सरांना सांगणं बाकी होतं. परिषदेला नऊ दिवस होते. सर आपल्या खोलीत चित्रांच्या रंगांवर काम करत बसले होते.

"सर, निचरा खोटा आहे."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. सरांनी ऐकलं, खुर्ची मागे सरकवली. "कोऱ्या चिप चुकीच्या बनल्या असतील."

"तीन बनवल्या."

"तीनही चुकीच्या बनल्या असतील!"

"सर, तुम्ही स्वतः येऊन बघा."

ते आले. एकेक पायरी उतरून आले, हे तिच्या लक्षात आलं. भिंगकाकांनी त्यांना जागा करून दिली. सरांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग रंग सोडून तिसऱ्यांदा पाहिलं. आणि मग त्यांनी दात-ओठ खात असा एक शब्द उच्चारला, जो त्या खोलीत कोणी कधी ऐकला नव्हता.

"ही कोरी चिप साचा आला तेव्हाच का नाही लावली?" त्यांनी विचारलं. "कोण म्हणालं नको म्हणून?"

"मी."

"आणि मी हो म्हणालो." सर स्टुलावर बसले. "मी दहा लोकांना ते चित्र पाठवलंय. दहा! त्यातल्या दोघांनी तर आपापल्या विद्यार्थ्यांना कामाला लावलंय त्यावर." त्यांनी शेजारचा संगणक पुढे ओढला. "चला. बसा इथे माझ्या शेजारी. एकट्याने लिहिणार नाही मी हे."

त्यांनी दहाही जणांना पत्रं लिहिली. प्रत्येक पत्रात ते "काही तांत्रिक अडचण" असं लिहीत, आणि धाकटी म्हणे, "सर, अडचण नाही, चूक." ते खोडत, चूक लिहीत, आणि पुढच्या पत्रात पुन्हा अडचण येई. दहाव्या पत्रापर्यंत दोघेही एकमेकांना विटले होते. परिषदेतलं भाषण सरांनी मागे घेतलं नाही. गेले, आणि वीस मिनिटं फक्त हेच दाखवलं, की नळी नसतानाही निचरा कसा दिसतो. परतल्यावर म्हणाले, "लोक फार हसले. मग तिघे जण बाजूला घेऊन हळूच म्हणाले, आमच्याकडेही तोच साचा आहे."

ताईला सांगायचं मात्र त्याहून अवघड गेलं. ती घरी आली होती. सोफ्यावर बसून, बाही घालून, भावोजींवर खेकसत होती, की त्यांनी मनगटाकडे सुरकुती ठेवली.

"ताई, ती नळी चालत नव्हती."

"कुठली?"

"मी चालते म्हणाले ती. रंग भलतीकडूनच जात होता. मी तपासलंच नाही नीट."

ताईने बाहीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. धाकटीने मान खाली घातली. आता बोलणी बसणार, बसायलाच हवीत, असं म्हणून ती तयार झाली.

"म्हणजे मी तुझ्या नसलेल्या नळीच्या भरवशावर आठ दिवस इस्पितळात काढले?"

"हो."

"बावळटच आहेस."

"हो."

"हो काय हो? मी काय कमी बावळट आहे? मला काय कळत नव्हतं? औषधाला वेळ आहे असं तू म्हणालीस, ते ऐकलं होतं मी. पण मला ती गाडी हवी होती गं." ताईचा आवाज जरा चिरकला, म्हणून तिने लगेच तो चढवला. "आणि तुम्ही असे उभे काय राहिलात? सुरकुती काढा आधी!"

भावोजींनी सुरकुती काढली.

मग एक दिवस ताई स्वतः प्रयोगशाळेत आली, बघायलाच. भिंगकाकांनी तिला उंच स्टूल दिलं, भिंग लावून दिलं. तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "एवढीशी?" म्हणाली. "एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्ही इतकी माणसं?" आणि मग भिंगकाकांना खोदून खोदून विचारलं, की हा दिवा किती तापतो, ही काच कोण पुसतं, आणि धाकटी जेवते का वेळेवर. भिंगकाका म्हणाले, "नाही." धाकटीने दोघांकडेही रागाने पाहिलं.

साच्याच्या भिंती आता मुद्दाम खरबरीत केल्या आहेत आणि जेल त्यांना चिकटून राहावं म्हणून वेगळा लेप लावला आहे. प्रत्येक चार चिपमागे एक कोरी लावतात. कोऱ्यांमधून रंग हलत नाही. नळीच्या चिपमधून हलतो, पण बारांपैकी तिनांतूनच, आणि तोही सहा-सात तास घेऊन. आलेख ओबडधोबड आहेत. सर दर सोमवारी ते बघून सुस्कारा टाकतात. धाकटी म्हणते, "सर, पण हा नळीतूनच जातोय." ते म्हणतात, "माहितीय हो, माहितीय," आणि तिसऱ्या सोमवारी मात्र त्यांनी ते मोठ्या पडद्यावर लावून सगळ्यांना दाखवले.

इस्पितळामुळे पुढे ढकललेल्या तपासणीला ताई बाही घालूनच गेली. डेपोच्या डॉक्टरांनी तिला हात उचलायला, वळवायला लावलं, चाक फिरवून घेतलं, आणि लहान मार्ग, अर्धी पाळी आणि बाही सक्तीची, अशा तीन अटींवर सही केली. ताईने अटींबद्दल त्यांच्याशी पंधरा मिनिटं वाद घातला आणि तिन्ही अटी मान्य करून घरी आली.

पहिल्या दिवशी धाकटी मुद्दाम तिच्या बसमध्ये चढली. गाडी भरलेली. ती पुढेच उभी राहिली, चालकाच्या मागे, मान लांब करून डाव्या हाताकडे बघत. हात ठीक दिसत होता. बोटं सुजलेली नव्हती. बाही कोपराशी जरा गोळा झाली होती, ती वर ओढायला हवी होती.

"ताई, कोपराजवळ—"

"गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये," ताई आरशात बघून म्हणाली. "वर लिहिलंय. वाचता येत नाही?"

"अगं, पण बाही—"

"ओ पुढच्या बाई! दारातली गर्दी कमी करा, मागे सरका! मागे जागा आहे!"

शेजारी उभी असलेली एक म्हातारी धाकटीला म्हणाली, "किती खेकसते हो ही."

"हो ना," धाकटी म्हणाली, आणि पिशवी छातीशी धरून मागे सरकली.